साक्षीदाराची दुरुस्ती

यंत्र बिघडलें तर तें दुरुस्त करावें, ह्या विधानांत वाद घालण्यासारखें कांहीं आहे असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटणार नाहीं. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला, शिवणयंत्राची सुई वांकली, पंपांत हवा शिरली, तर काय बिघडलें तें शोधावें आणि नीट करावें, एवढाच प्रश्न असतो. पीठ पडूं लागलें, टांका बसूं लागला, पाणी चढूं लागलें, म्हणजे दुरुस्ती झाली. परंतु यंत्रांचा दुसराहि एक वर्ग आहे. तराजू, घड्याळ, तापमापक, पर्जन्यमापक हीं यंत्रें कांहीं करीत नाहींत, तीं सांगतात. तीं मजुरापेक्षां साक्षीदाराच्या अधिक जवळचीं आहेत. आणि साक्षीदाराची दुरुस्ती म्हटली कीं नीतीचा प्रश्न आलाच. कारण साक्षीदाराला ‘दुरुस्त करणें’ ह्या शब्दांना कोर्टकचेरीच्या आवारांत कोणता अर्थ आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

प्रश्न असा आहे : आपणांस न पटणारी गोष्ट सांगणारा साक्षीदार बिघडलेला आहे, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस केव्हां पोंचतो? आणि त्याचा बिघाड सिद्ध होऊन तो दुरुस्त केल्यावर त्याच्या पूर्वीच्या साक्षीचें आपण काय करावें?

हा प्रश्न अधांतरीं ठेवण्यापेक्षां एका लहानशा वस्तूवर ठेवून पाहणें सोयीचें होईल. हल्लीं कांहीं घरांच्या गच्चीवर छोटेखानी हवामानकेंद्रें दिसूं लागलीं आहेत. एका खांबावर पावसाचें मापक, वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, दिशा दाखविणारें पातें, आणि पांढऱ्या तबकड्यांच्या उतरंडींत लपविलेले उष्णतामानाचे व आर्द्रतेचे सेन्सर. खालीं घरांत, भिंतीवर, ह्या सर्वांचे आंकडे दाखविणारी एक पाटी. पुण्यांतील माझ्या घरावर असें एक केंद्र गेलीं पंधरा वर्षें उभें आहे. असल्या उपकरणाला पंधरा वर्षें म्हणजे वार्धक्यच होय. त्याचें एकेक इंद्रिय थकत जातें, आणि तें कसें थकतें हें पाहूं लागलें म्हणजे माणसाच्या इंद्रियांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पावसाचें मापकच घ्या. त्याच्या नरसाळ्याखालीं तराजूच्या दांडीसारखी इकडेतिकडे कलणारी दोन कप्प्यांची वाटी असते. एक कप्पा भरला कीं वाटी कलते, पाणी सांडतें, आणि दुसरा कप्पा धारेखालीं येतो. प्रत्येक कलण्याबरोबर एक लोहचुंबक एका नाजुक स्विचाजवळून जातो आणि यंत्र एक अंक मोजतें. नरसाळ्याच्या तोंडाचें क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर असेल आणि वाटी दर ४ घन सेंटिमीटर पाण्याला कलत असेल, तर एक कलणें म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. रचना इतकी सरळ आहे कीं शाळेंतील मुलानेंहि समजून घ्यावी. परंतु नरसाळ्याच्या छिद्रांत एकादें गुलमोहराचें पान, कबुतराची विष्ठा किंवा कोळ्याचें जाळें अडकलें कीं बाहेर मुसळधार पाऊस आणि भिंतीवर शून्य, असा प्रकार होतो. छिद्र अर्धवट तुंबलें असेल तर रात्रींचा पाऊस थेंबाथेंबानें झिरपत राहतो, आणि दुसऱ्या दिवशीं लख्ख उन्हांत यंत्र पाऊस पडत असल्याची ग्वाही देतें.

वाऱ्याच्या वाट्यांचें म्हातारपण निराळें. त्यांचें बेअरिंग झिजलें कीं मंद झुळकेनें त्या फिरतच नाहींत. जोराचा वारा मात्र पुष्कळ अंशीं बरोबर सांगतात. म्हणजे मोठ्यानें बोललेलें ऐकूं यावें आणि हलक्या आवाजांतलें सुटावें, तशी ही गत. दिशादर्शक पात्याच्या आंत पुष्कळ वेळां एक फिरता विद्युत्-रोधक असतो. ज्या दिशेचा वारा वर्षानुवर्षें अधिक, त्या दिशेचा त्यावरील भाग अधिक घासला जातो. अर्थात् जी दिशा त्याच्या सर्वांत परिचयाची, तिच्याविषयींच तें पुढें अडखळूं लागतें. आर्द्रतेच्या सेन्सरमध्यें एक अतिशय पातळ पापुद्रा हवेंतील बाष्प शोषून घेतो व त्याप्रमाणें त्याची विद्युत् धारण करण्याची शक्ति बदलते. धूळ, धूर आणि वर्षानुवर्षांचा दमटपणा ह्यांनीं तो पापुद्रा खराब झाला कीं त्याचे आंकडे हळूहळू एका बाजूस सरकूं लागतात. उष्णतामानाच्या सेन्सरवरील पांढऱ्या तबकड्या धुळीनें मळल्या कीं त्या ऊन अधिक शोषतात, आणि हवा आहे त्याहून तापलेली भासते.

ह्या सर्व बिघाडांचे नीतिदृष्ट्या तीन वर्ग पडतात. कांहीं साक्षीदार मुके होतात; कांहीं भ्रमिष्टासारखे बरळूं लागतात; आणि कांहीं पक्षपाती होतात. पहिल्या दोघांपासून फारसा धोका नाहीं, कारण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. धोका तिसऱ्यापासून आहे. तो नेहमींच्याच गंभीर आवाजांत, नेहमींसारखेच संभवनीय आंकडे सांगत असतो. फक्त प्रत्येक आंकडा थोडासा एका बाजूस कललेला असतो. २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ह्या दोन प्रकारच्या साक्षीदारांचीं उदाहरणें एकाच आठवड्यांत पाहावयास मिळालीं. नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश सेल्सिअस उष्णतामान दाखविलें. सेन्सरांत बिघाड असल्याचा खुलासा हवामानखात्यानें केला आणि तो कोणासहि सहज पटला. परंतु २९ मे रोजीं दिल्लीजवळच्या मुंगेशपुर येथील केंद्रानें ५२.९ अंश दाखविले, तेव्हां ती बातमी जगभर गेली. कारण त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत तो आंकडा अगदींच अशक्य वाटण्यासारखा नव्हता. खात्यानें प्रमाणित उपकरण तेथें नेऊन तुलना केली, तेव्हां त्या केंद्राचा सेन्सर सुमारें ३ अंश अधिक दाखवीत असल्याचें आढळलें. पक्षपाती साक्षीदार तो हा.

येथें एक गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी आहे. दोष सिद्ध झाला तो तीन अंशांचा. तेवढे वजा केले तरी जें उरतें तें माणसाला घराबाहेर पडूं न देण्यास पुरेसें आहे. साक्षीदार एका बाबतींत चुकला, म्हणून त्याची सगळीच साक्ष टाकाऊ, असें म्हणणें सोयीचें असतें; न्याय्य नसतें. जेवढा दोष सिद्ध झाला असेल तेवढाच वजा करावा, अधिक नाहीं, हा दुरुस्तीचा पहिला नियम समजावयास हरकत नाहीं.

पण दोष सिद्ध व्हावा कसा? ह्या प्रश्नाचा विचार आपल्या तत्त्ववेत्त्यांनीं फार पूर्वीं आणि फार बारकाईनें करून ठेवला आहे. ज्ञानाचें प्रामाण्य स्वतःसिद्ध कीं बाहेरून सिद्ध, हा मीमांसक व नैयायिक ह्यांच्यामधील प्रसिद्ध वाद होय. नैयायिक म्हणतात, समोर दिसलें तें पाणीच कीं मृगजळ, हें तेथें जाऊन तहान भागली म्हणजे ठरतें. प्रामाण्य बाहेरून यावें लागतें. कुमारिल भट्टाच्या अनुयायांचें म्हणणें निराळें. ज्ञान उत्पन्न झालें कीं तें प्रमाणच मानावें. तें अप्रमाण ठरतें तें दोनच कारणांनीं. एक तर त्याला खोडून काढणारें दुसरें ज्ञान पुढें यावें. किंवा ज्या साधनानें तें ज्ञान झालें त्या साधनांतील दोष उघडकीस यावा. शंख पिवळा दिसला. परंतु पाहणाऱ्याला कावीळ झाली आहे असें कळलें कीं पिवळेपणाची साक्ष आपण सोडून देतों. हा कारणदोष होय.

ह्या वादाचा निकाल येथें लावावयाचा नाहीं. माझ्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें, कीं ज्ञान खोटें ठरविण्याचीं जीं कारणें मीमांसकांनीं सांगितलीं, त्यांत ‘तें ज्ञान मला आवडत नाहीं’ किंवा ‘तें माझ्या अपेक्षेप्रमाणें नाहीं’ ह्या कारणाला जागाच नाहीं. एक तर दुसरा विश्वासू साक्षीदार आणा. नाहीं तर ह्या साक्षीदाराची कावीळ दाखवून द्या. दोहोंपैकीं एकहि करतां येत नसेल तर त्याचें म्हणणें, पटो वा न पटो, नोंदवून घ्या.

गंमत अशी कीं गच्चीवरील केंद्राची प्रामाणिक दुरुस्ती नेमकी ह्याच दोन वाटांनीं जाते. पावसाच्या मापकाविषयीं शंका आली तर अर्धा लिटर पाणी मोजून घ्यावें आणि बारीक धारेनें नरसाळ्यांत सोडावें. वर दिलेल्या मापांप्रमाणें वाटी १२५ वेळां कलली पाहिजे आणि भिंतीवर २५ मिलिमीटर उमटले पाहिजेत. धार मात्र बारीकच हवी. कारण जोराच्या धारेंत वाटी कलतां कलतां थोडें पाणी मोजल्यावांचूनच निसटतें. आर्द्रतेच्या सेन्सरची परीक्षा तर स्वयंपाकघरांत होते. एका घट्ट झांकणाच्या डब्यांत साधें मीठ पाण्यानें ओलें करून, त्याचा ओलसर लगदा होईल इतपत, ठेवावें. सेन्सर त्याला स्पर्श न करतां वर टांगावा आणि डबा बंद करून कांहीं तास जाऊं द्यावे. डब्यांतील हवेची आर्द्रता नेहमींच्या उष्णतामानांत शेंकडा ७५ च्या आसपास स्थिर होते. ती पुण्यांत होते तशीच पॅरिसमध्यें होते, श्रीमंताच्या डब्यांत होते तशीच गरिबाच्या डब्यांत होते. सेन्सर तेथें ८८ दाखवूं लागला तर त्याची कावीळ सिद्ध झाली. उष्णतामानासाठीं वितळत्या बर्फाचा चुरा आहे. तो शून्य अंशाखेरीज दुसरें कांहीं सांगत नाहीं. आणि दुसऱ्या साक्षीदाराचें म्हणाल, तर ज्याला तारा नाहींत, विजेरी नाहीं, असा साधा सायमन्सचा पर्जन्यमापक शेजारीं ठेवावा आणि रोज सकाळीं साडेआठला, म्हणजे आपल्या हवामानखात्याच्या वेळेस, त्यांतील पाणी मोजावें. जॉर्ज जेम्स सायमन्सनें इंग्लंडांत १८६० च्या सुमारास हौशी निरीक्षकांचें जें जाळें विणण्यास आरंभ केला, त्यांत पुढें हजारो घरें सामील झालीं. आणि त्या देशाच्या पावसाचें ज्ञान बऱ्याच अंशीं त्या घरगुती वह्यांवर उभें राहिलें.

क्वचित् असेंहि आढळतें कीं साक्षीदार निर्दोष असतो आणि प्रश्नच चुकलेला असतो. आमच्या शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ दर उन्हाळ्यांत मला सांगतात, “प्रोफेसरसाहेब, तुमचें यंत्र कामांतून गेलें. वर्तमानपत्रांत चाळीस आहे आणि हें बेचाळीस म्हणतें.” हवेचें उष्णतामान मोजण्याचा संकेत गवताळ, मोकळ्या जमिनीपासून सुमारें सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलींत मोजण्याचा आहे. गच्चीची तापलेली फरशी हें विचारलेल्या प्रश्नाचें स्थळच नव्हे. यंत्र गच्चीविषयीं खरें सांगत आहे. आपण त्याला शहराविषयीं विचारीत आहों. येथें स्क्रू फिरवून आंकडा चाळीसावर आणणें ही दुरुस्ती नव्हे. ती खऱ्या साक्षीदाराला खोटें बोलावयास शिकविणें आहे. दुरुस्ती करावयाची तर त्याची जागा बदलावी, किंवा आपला प्रश्न.

आंकडा अपेक्षेशीं जुळवून घेण्याचा मोह विद्वानांनाहि चुकत नाहीं, आणि तो आवरल्यानें काय साधतें ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दक्षिण ध्रुवप्रदेशांतील हॅली येथील ब्रिटिश तळावर १९५७ पासून वातावरणांतील ओझोनचें प्रमाण मोजलें जात होतें. १९८० नंतरच्या वर्षांत तेथील जुन्या उपकरणानें वसंतऋतूंतील, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबरांतील, ओझोन कमालीचा घटल्याचें सांगितलें. जोसेफ फार्मन ह्यांस प्रथम वाटलें कीं उपकरणच थकलें असावें. हें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु त्यांनीं आंकडे ‘दुरुस्त’ केले नाहींत. दुसरें उपकरण आणविलें. तेंहि तेंच सांगूं लागलें. फार्मन, गार्डिनर व शँक्लिन ह्यांचा लेख मे १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि ओझोनच्या थरांतील विवर जगाला कळलें. त्या काळीं उपग्रहावरील अत्याधुनिक उपकरणानेंहि तशाच नीच किंमती टिपल्या होत्या. पण त्या अपेक्षित मर्यादेबाहेरच्या, म्हणून शंकास्पद गणल्या जाऊन बाजूस पडल्या होत्या. साक्ष दोघांनींहि दिली होती. ऐकून घेण्याची रीत निराळी होती. पुढें दोनच वर्षांत, १९८७ सालीं, माँट्रियल येथें ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांवर बंधन घालणारा करार झाला. अप्रिय साक्ष वेळेवर ऐकली गेली म्हणून हें घडलें.

आतां प्रश्नाचा दुसरा भाग. दोष सिद्ध झाला, छिद्र मोकळें केलें, सेन्सर बदलला. पण मागील नोंदींचें काय? समजा, जुलै महिन्यांत अकरा दिवस नरसाळें तुंबलेलें होतें आणि वहींत अकरा शून्यें पडलीं आहेत. हीं शून्यें पाहून व्यवस्थित माणसाचे हात शिवशिवतात. कोणी म्हणेल, खोडून टाका. कोणी म्हणेल, शेजारच्या केंद्राचे आंकडे भरा, बेरीज तरी सुरेख येईल. माझ्या मतें नीतीची खरी कसोटी येथें आहे. शून्य आणि रिकामी जागा ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. शून्य ही साक्ष आहे : मी पाहिलें आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा हें मौन आहे : मी पाहूं शकलों नाहीं. मौनाच्या जागीं शून्य लिहिणें हें खोटें, आणि मौनाच्या जागीं अंदाजाचा आंकडा खऱ्या आंकड्याच्याच अक्षरांत लिहिणें हें त्याहूनहि खोटें. कारण पहिलें पुढेंमागें उघडकीस येतें, दुसरें येत नाहीं. अंदाज करूं नये असें नाहीं. तो अंदाज आहे असें लिहून करावा. जुनें शून्य एका रेघेनें छेदावें, पण वाचतां येईल असें राहूं द्यावें, आणि समासांत लिहावें : अमुक तारखेस नरसाळें तुंबलेलें आढळलें, अमुक तारखेस साफ केलें, तत्पूर्वींच्या अकरा दिवसांची नोंद ग्राह्य नाहीं.

ह्या समासांतील ओळीला किती किंमत असते, हें लिबियांतील अल् अझीझिया येथील विक्रमाच्या इतिहासावरून दिसेल. १३ सप्टेंबर १९२२ रोजीं तेथें ५८ अंश सेल्सिअस उष्णतामान नोंदलें गेलें आणि पृथ्वीवरील सर्वोच्च उष्णतामान म्हणून तें नव्वद वर्षें पुस्तकांतून छापलें जात होतें. २०१२ सालीं जागतिक हवामान संघटनेनें तें रद्द केलें. तें रद्द करतां आलें, कारण मूळ नोंदवहीचें पान शिल्लक होतें. त्या पानावरून तज्ज्ञांस दिसलें कीं त्या सुमारास निरीक्षक बदललेला होता आणि नव्या निरीक्षकाच्या नोंदी चुकीच्या रकान्यांत पडलेल्या होत्या. त्यास अपरिचित अशा तापमापकांतील दर्शकाचें भलतेंच टोंक वाचलें जाऊन सुमारें ७ अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्या निरीक्षकाच्या मागून आलेल्या एकाद्या टापटिपीच्या अधिकाऱ्यानें वही ‘स्वच्छ’ करून ठेवली असती, तर चूक अमर झाली असती. चुकीची नोंद जपून ठेवल्यानेंच ती चूक म्हणून ओळखतां आली.

कोणी व्यवहारी वाचक विचारील, घरच्या गच्चीवरील खेळण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? आपण मोजलें न मोजलें तरी पाऊस पडावयाचा तो पडेलच. हें खरें आहे. परंतु खरें बोलण्याची संवय मोठ्या प्रसंगाची वाट पाहत बसली तर ती कधींच लागत नाहीं. आपल्याच देशांत अन्ना मणी (१९१८–२००१) ह्या विदुषीनें हवामानखात्यांत राहून, परदेशांतून आणावीं लागणारीं उपकरणें येथें बनावीं आणि नीट प्रमाणित व्हावीं ह्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. सुमारें शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणबद्ध केले. त्या कामाचें मोल पावसाच्या एका सरीवर ठरत नाहीं. कोट्यवधि लोक ज्या आंकड्यांवर पेरणीचा दिवस आणि धरणाचा दरवाजा ठरवितात, ते आंकडे कोणा तरी माणसानें एका विशिष्ट सकाळीं न कंटाळतां खरे लिहिले ह्या विश्वासावर ठरतें.

आणि ही संवय गच्चीपुरतीच राहत नाहीं. आपल्या कुटुंबांतून असे साक्षीदार थोडे नसतात. एकादी आत्या किंवा थोरली वहिनी असते. लग्नाच्या बैठकींत, वांटणीच्या बोलण्यांत, कोणाच्या व्यसनाविषयीं ती कोणासहि नको असलेली गोष्ट बोलून जाते. लगेच ठरतें कीं तिचें वय झालें, तिचें डोकें ठिकाणावर नाहीं, तिचा स्वभावच तसा. असेलहि तसें. पण वितळत्या बर्फांत तिला कोणी बुडवून पाहिलेलें असतें काय? तिच्या म्हणण्याला खोडून काढणारा दुसरा साक्षीदार कोणी आणला काय? बहुधा नाहीं. तिची कावीळ सिद्ध झालेली नसते. तिचा आंकडा गैरसोयीचा असतो, एवढेंच. आणि वीस वर्षांनंतर तिचें म्हणणें खरें ठरलें कीं घरचा इतिहास नव्यानें लिहिला जातो, आणि आम्हांला हें पूर्वींपासून ठाऊकच होतें असें सर्वजण सांगतात. जुनें शून्य खोडलें जातें. समासांत ओळ कोणी लिहीत नाहीं. तिला ‘बिघडलेली’ ठरवितांना जें दुःख दिलें गेलें, त्याचीहि नोंद मग कोठें उरत नाहीं.

उलटपक्षीं, प्रत्येक अप्रिय बोलणारा माणूस सत्यवादीच असतो असेंहि नाहीं. कांहीं जिव्हा खरोखरच पक्षपाती असतात, आणि त्यांना तसें म्हणणें हें कर्तव्य असतें. म्हणूनच कसोटी हवी. माझें म्हणणें साक्षीदाराला अभय द्यावें असें नसून, त्याला दोषी ठरवितांना दोष दाखवावा, जेवढा दाखविला तेवढाच वजा करावा, आणि पूर्वीची साक्ष पुसून न टाकतां तिच्याशेजारीं आपला निर्णय व त्याचें कारण लिहून ठेवावें, एवढेंच आहे. आपली स्वतःची बुद्धि हीहि एक जुनी होत चाललेली मापकांची उतरंडच आहे. जी दिशा तिच्या नित्य परिचयाची, तेथेंच ती अधिक झिजलेली असणें संभवनीय आहे. तिला वेळोवेळीं मोजलेलें पाणी आणि ओलें मीठ दाखवीत राहणें, आणि तिचे मागील आंकडे आजच्या आंकड्यांशीं जुळावे म्हणून न बदलणें, ह्याहून निराळा प्रामाणिकपणा मनुष्याच्या हातीं आहे असें मला वाटत नाहीं.